कान कुणाच्या बापाचा नाही

मराठीत यंत्रावर काही लिहायचं म्हटलं की एक म्हातारा मेकॅनिक हजर करावाच लागतो. हात ग्रीसनं काळे, कानामागे बिडी, शाळा चौथीपर्यंत. शिकलेली पोरं लॅपटॉप लावून हरलेली असतात. म्हातारा येतो, डोळे मिटतो, गाडीला कान लावतो आणि एकच शब्द बोलतो. पोरं थक्क, लेखक थक्क. शेवटी 'आता असे कान राहिले नाहीत' असा सुस्कारा टाकला की झाला लेख.

मला हा लेख सहन होत नाही. म्हाताऱ्यावर राग नाही, त्याला खरंच कळलेलं असतं. राग आहे तो त्याच्या कळण्याचा चमत्कार करून टाकणाऱ्यांवर. एकदा चमत्कार म्हटलं की शिकण्याची आणि शिकवण्याची जबाबदारी संपते. तो कसा ऐकतो, आधी काय तपासतो, स्वतःला कोणते प्रश्न विचारतो, हे कुणीच लिहून घेत नाही. म्हातारा जातो आणि आपण त्याच्यावर अजून एक लेख लिहितो.

दुसरीकडे कंपन्या. त्यांचं म्हणणं, आवाजावर काय जाता, गाडीत संगणक आहे, तो सांगेल. दोघांची भाषा वेगळी, पण निष्कर्ष एकच: तुम्ही ऐकू नका, तुम्हाला कळणार नाही. मी पोटासाठी कारखान्यात मेंटेनन्सचं काम करतो, आणि हा निष्कर्ष धडधडीत खोटा आहे असं माझं म्हणणं आहे.

हे दाखवायला मी मुद्दाम आपल्याकडे कुणाच्याच दारात नसलेलं यंत्र घेतो, म्हणजे आठवणींचा गहिवर आड येणार नाही. ते यंत्र म्हणजे स्नोमोबाइल. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, मध्ये इंजिन आणि सीट. आपल्यापैकी कुणी ती पाहिली असेल तर गुलमर्गला, दहा मिनिटांच्या फेरीसाठी घासाघीस करताना. पण कॅनडाच्या उत्तरेला, अलास्कात, फिनलंड-स्वीडन-नॉर्वेच्या वरच्या टोकाला ती सहलीची वस्तू नाही. शिकारीला, मासेमारीला, रेनडिअरच्या कळपामागे आणि शेजारच्या गावात जायला तीच. गावापासून साठ किलोमीटरवर, उणे तीस अंशांत ती बंद पडली तर टोईंगवाला येत नाही. त्यामुळे आवाज ओळखता येणं हा तिथे छंद नसतो.

या यंत्राचा उगमही बंद रस्त्यातच आहे. क्विबेकमधल्या व्हालकूर गावचा जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए हा गॅरेजवाला. बर्फावर चालणारी गाडी करायच्या खटपटीत तो कित्येक वर्षं होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाचं अपेंडिक्स फुटलं, रस्ते बर्फानं बंद होते, गाडी अजून तयार नव्हती. मूल गेलं. १९३७ मध्ये त्याला दातेरी चाक आणि रबरी पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं. १९५९ मध्ये त्याची छोटी, एका-दोघांसाठीची स्की-डू बाजारात आली. आज स्नोमोबाइलच्या पोटात पट्टा फिरवणारी जी व्यवस्था आहे ती मुळात तीच आहे: दातेरी चाक, त्यावर रबरी पट्टा.

आता पोटात शिरू. थोडं धीरानं वाचा, कारण इथूनच भांडणाला दारूगोळा मिळतो.

इंजिनाच्या शाफ्टवर एक क्लच असतो, त्याला प्रायमरी म्हणतात. समोरासमोर ठेवलेल्या दोन तिरक्या तबकड्या, मध्ये व्ही-बेल्ट. गाडी नुसती चालू असते तेव्हा तबकड्या लांब असतात, बेल्ट सैल पडलेला असतो, गाडी जागची हलत नाही. फेऱ्या साधारण तीन-चार हजारांवर गेल्या की क्लचमधली वजनं बाहेर फेकली जातात, तबकड्या जवळ येतात, बेल्ट चिमटीत धरला जाऊन वर चढतो. पलीकडे सेकंडरी क्लच. तिथे उलटं होतं, तबकड्या फाकतात आणि बेल्ट खाली उतरतो. गिअर न टाकता गिअर बदलत जातो. सेकंडरीमागून जॅकशाफ्ट निघतो आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या चेनकेसमध्ये जातो. तिथे तेलात बुडालेली साखळी आणि दोन स्प्रॉकेट. खालच्या स्प्रॉकेटला ड्राइव्हशाफ्ट, त्यावरची दातेरी चाकं पट्टा ओढतात. पट्टा आतून दोन रेल्सवर घसरतो. रेल्सखाली हायफॅक्स म्हणतात त्या प्लास्टिकच्या पट्ट्या, आणि आधाराला अर्धा-एक डझन छोटी चाकं, प्रत्येकात बेअरिंग.

हे वाचून ओळखीचं वाटलं असेल तर बरोबर आहे. तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या पेट्रोलवर चालणाऱ्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये याच व्यवस्थेचा पहिला अर्धा भाग आहे. वजनांऐवजी रोलर, बाकी तोच बेल्ट, त्याच तिरक्या तबकड्या. आपला मेकॅनिक त्याला व्हेरिएटर म्हणतो. म्हणजे हा लेख बर्फाचा असला तरी तुमच्या दारातला आहे.

हल्लीच्या स्लेडमध्ये इंजिनाचा संगणक असतो. (तिकडे या गाडीला सरसकट स्लेड म्हणतात, अलास्कात स्नोमशीन.) पाण्याचं तापमान, हवेचा दाब, थ्रॉटल किती उघडलाय, सगळं त्याला कळतं. कित्येक इंजिनांवर नॉक सेन्सर असतो. नॉक सेन्सर म्हणजे इंजिनाच्या अंगाला चिकटवलेला कानच. सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटलं की जी ठोकर बसते ती ऐकून तो संगणकाला सांगतो. म्हणजे 'आवाजावर काय जाता' असं तुम्हाला सांगणारी कंपनी स्वतः आवाजावरच जाते, फक्त स्वतःच्या इंजिनापुरती.

इंजिनाच्या पुढे काय? एक वेगाचा सेन्सर, काही नव्या मॉडेलांत बेल्टचं तापमान, आणि पुढे जवळपास अंधार. साखळी सैल झाली, संगणकाला पत्ता नाही. जॅकशाफ्टच्या बेअरिंगमधलं ग्रीस वाळलं, पत्ता नाही. पट्टा ढिला होऊन दातांवरून उडी मारतोय, मागच्या चाकाचं बेअरिंग फुटायला आलंय, हायफॅक्स झिजून धातू लागलाय, कशाचाच पत्ता नाही. डीलरनं लॅपटॉप जोडला तर पडद्यावर 'दोष नाही' येईल, आणि ते अगदी खरं असेल. दोष त्याला विचारलाच नव्हता त्या जागी आहे. त्या अर्ध्या गाडीला सेन्सर एकच, तो तुमच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहे.

आता पद्धत. ती गुप्त नाही आणि तिला तपश्चर्या लागत नाही. आवाज कसला आहे हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न: आवाज कशाबरोबर बदलतो? इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, की पट्ट्याच्या वेगाबरोबर?

गिअरच्या गाडीत हे दोन्ही एका गिअरमध्ये हातात हात घालून वाढतात, वेगळं काढायला त्रास पडतो. बेल्टच्या गाडीत उलट सोय असते. थ्रॉटल पूर्ण दाबला की इंजिन एका फेरीसंख्येवर जाऊन थांबतं, आणि नंतर फक्त बेल्ट सरकत जाऊन वेग वाढतो. इंजिनाचा सूर तसाच, गाडी मात्र पळत सुटलेली. त्या काही सेकंदांत जो आवाज वेगाबरोबर चढत गेला तो बेल्टच्या पलीकडचा. जो इंजिनाबरोबर एका जागी राहिला तो अलीकडचा. एवढ्यात अर्धी गाडी चौकशीतून सुटली. उस्ताद डोळे मिटून जे करतो ते एवढंच आहे. डोळे मिटायची गरज नाही. चालवताना तर मुळीच मिटू नका.

मग खात्री करायची. मोकळ्या, सपाट जागी थोडा वेग घेऊन इंजिन बंद करायचं. गाडी घसरत थांबेपर्यंत आवाज येत राहिला तर इंजिन आणि प्रायमरी निर्दोष. बेल्ट काढून इंजिन नुसतं चालू केलं, फेऱ्या न वाढवता, आणि खडखड तशीच राहिली, तर ती इंजिनाची किंवा प्रायमरीची. (बेल्टशिवाय रेस करायची नाही, क्लचची वाट लागते.) इंजिन बंद ठेवून, मागची बाजू स्टँडवर उचलून, बेल्ट काढलेलाच असताना पट्टा हातानं फिरवायचा. खराब बेअरिंग कानाच्या आधी तळव्याला कळतं, वाळू अडकल्यासारखं. साखळीसाठी सेकंडरी हातानं मागेपुढे हलवायची, मोकळीक असेल तर चेनकेसमधून 'खट्' येतो. चेनकेसचं तेल सोडायच्या बोल्टला बहुधा चुंबक असतं. त्यावर करड्या रंगाची पेस्ट दिसली तर ती झीज, चालायचंच. चमकणारे तुकडे दिसले तर गाडी तिथेच थांबवायची. आणि इंजिन चालू ठेवून पट्टा हवेत फिरवायची वेळ आलीच तर मागे कुणी उभं राहायचं नाही. पट्ट्यातून सुटलेला खिळा गोळीसारखा येतो.

यात दैवी काय आहे? एक माणूस आपल्या शंकेचं क्षेत्र अर्धं करतो, परत अर्धं करतो. डॉक्टर हेच करतो, कोड लिहिणारा हेच करतो. फक्त हातात पाना असला की आपण त्याला 'अंगातली कला' म्हणतो. 'विचार' म्हटलं तर पगार वाढवावा लागेल.

मग मोजणी. पट्टा १३७ इंची असेल, तर त्याची लांबी साधारण साडेतीन मीटर. ताशी वीस किलोमीटरला तो सेकंदाला दीड फेरीहून थोडा जास्त फिरतो. म्हणजे पट्ट्यावरच एखादी क्लिप वाकली असेल, एखादा दात फाटला असेल, तर तीन सेकंदांत जवळपास पाच ठोके बसतील. ठक, ठक, ठक. मोजता येतात. सात इंची छोटं चाक त्याच वेगाला सेकंदाला दहा फेऱ्या घेतं. त्याचे ठोके मोजता येत नाहीत, त्याची घरघर होते. आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूचे दात ६४ मिलिमीटरवर एक असतील, तर ड्राइव्हशाफ्टच्या चाकांवर ते सेकंदाला ८७ वेळा बसतात. तो गाडीचा नेहमीचा गुंजारव. तो येणारच, त्याला घाबरायचं नाही. ही आकडेमोड दहावीच्या गणितात बसते. हिची चित्रफीत करून कुणी रडत नाही एवढंच.

आपल्या भाषेनं इथे आधीच निम्मं काम करून ठेवलंय. इंग्रजीत लोक नुसतं 'विचित्र आवाज येतोय' म्हणतात आणि अडकतात. मराठी माणूस विचार न करता खडखड, घरघर, करकर, कुईकुई, फडफड यांतला एक शब्द उचलतो, आणि तो शब्द साक्ष देतो. खडखड म्हणजे काहीतरी सैल आहे आणि त्याला हलायला जागा आहे: प्रायमरीतले झिजलेले रोलर किंवा बुश, गाडी उभी असताना जास्त, बेल्ट धरला की कमी. स्कूटर सिग्नलला उभी असताना जे खडखडतं त्याचं हेच कुळ. घरघर म्हणजे काहीतरी गोल फिरतंय आणि त्याची वाट गुळगुळीत राहिलेली नाही: बेअरिंग. करकर म्हणजे कोरडं घर्षण. कुईकुई बहुतेकदा बेल्टची, गाडी उभी असतानाही बेल्ट घासत असला तर. धाड, धाड असे जड ठोके थ्रॉटल दाबताना किंवा ब्रेक मारताना आले, तर ढिला पट्टा दातांवरून उडतोय. पोटातून, एका बाजूनं, थ्रॉटल सोडला-दाबला की फटके, तर साखळी. शब्द चुकूही शकतो. पण ज्याच्याकडे दहा शब्द आहेत तो एका शब्दवाल्यापेक्षा कमी चुकतो.

यात एक आवाज असा आहे की तो दोषाचा नाहीच. हायफॅक्सच्या प्लास्टिकला वंगण लागतं, आणि ते वंगण म्हणजे बर्फ. पट्ट्यात उडालेला भुसभुशीत बर्फ रेल्स भिजवतो, थंड ठेवतो. कडक, गुळगुळीत गोठलेल्या तळ्यावर किंवा बर्फ खरवडलेल्या रस्त्यावर गाडी गेली की रेल कोरडी पडते, प्लास्टिक तापतं, करकर सुरू होते, जळका वास येतो. उपाय काय? वेग कमी करून बाजूच्या मऊ बर्फात जायचं. काही मिनिटांत आवाज बंद, खर्च शून्य. याच आवाजावर रेल्सची सगळी जोडणी बदलून घेतलेला माणूस शोधायला फार लांब जावं लागणार नाही. भाग विकणाऱ्या माणसाला 'बाजूच्या बर्फात जा' हे सांगून काय मिळणार?

आता त्या वाक्याकडे येतो ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. 'हा आवाज नॉर्मल आहे.'

तुम्ही हे ऐकलेलं आहे. स्लेडसाठी नसेल, स्कूटरसाठी, फ्रिजसाठी, वॉशिंग मशीनसाठी. वॉरंटी असेपर्यंत आवाज नॉर्मल असतो. वॉरंटी संपली की त्याच आवाजासाठी सगळा सेट बदलावा लागतो. मधल्या काळात यंत्रात काहीही झालेलं नसतं, फक्त बिल कुणी भरायचं ते बदललेलं असतं. 'नॉर्मल' हा यांत्रिक शब्द नाहीच, तो हिशेबाच्या वहीतला शब्द आहे. त्यावर उत्तर म्हणून आपल्याकडे फक्त 'पण मला वेगळा वाटतो' एवढंच असतं, आणि 'वाटतो'वर कुणी बिल माफ करत नाही. 'पट्ट्याच्या वेगाबरोबर वाढतो, इंजिन बंद केल्यावरही राहतो, बेल्ट काढून हातानं फिरवलं तर उजव्या मागच्या चाकात लागतो' असं म्हणून बघा. काउंटरपलीकडचा माणूस वेगळ्या आवाजात बोलतो.

सडबरीजवळ शिकणाऱ्या, आमच्याच भागातल्या एका मुलानं मित्रांसोबत जुनी स्लेड घेतली. तिथल्या एका डीलरनं घरघर ऐकून ड्राइव्हशाफ्ट, चेनकेस, सगळं उघडायचं एस्टिमेट दिलं. ते गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेलं. त्यानं मला अकरा सेकंदांची व्हॉइस नोट पाठवली, 'दादा, ऐकून सांगा ना.' मी सांगितलं नाही. सांगता येत नाही. फोन माणसाचं बोलणं टिपायला घडवलेला असतो, सततची घरघर त्याला कचरा वाटते आणि तो ती दाबतो. मी त्याला उलटे प्रश्न विचारले. कशाबरोबर बदलतो? इंजिन बंद केल्यावर राहतो का? हातानं फिरवून बघितलंस? दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला, मागच्या एका चाकाचं बेअरिंग. चाक काढायला एक बोल्ट. मी कान लावलाच नव्हता, हे लक्षात घ्या. समुद्रापलीकडच्या मुलाला तीन प्रश्नांत जे देता येतं त्याला आपण वर्षानुवर्षं 'गुरुकृपा' म्हणत आलो.

आणि म्हणूनच उस्तादाबद्दलही सोडून बोलायचं नाही. गॅरेजमध्ये पोऱ्या चार वर्षं चहा आणतो, पाने पुसतो, आणि उस्ताद जे ऐकतो ते मोठ्यानं बोलत नाही. बोलला तर पोऱ्या उद्या समोर दुकान टाकेल. ही भीती खरी आहे, मी तिला हसत नाही. पण तिला परंपरा म्हणून फुलं वाहायचीही गरज नाही. गॅरेजमध्ये मुलगी दिसत नाही, याचं कारण मुलींचे कान कमी ऐकतात हे नाही. जी विद्या फक्त शेजारी बसून मिळते, ती ज्याला शेजारी बसू दिलं जातं त्यालाच मिळते.

कारखान्यात आम्ही काय करतो ते सांगतो. मोठ्या पंपाच्या, पंख्याच्या बेअरिंगवर कंप मोजणारा सेन्सर लावतो. बेअरिंगच्या मापांवरून, त्यातल्या गोळ्यांच्या संख्येवरून आणि फेऱ्यांवरून आधीच हिशेब मांडलेला असतो की बाहेरच्या कड्याला चीर गेली तर अमुक वारंवारतेला टोक दिसेल, आतल्या कड्याला गेली तर तमुक. आलेखात टोक दिसलं की पुढच्या शटडाउनला बेअरिंग बदलायचं. हेच म्हाताऱ्याचं ऐकणं आहे, आलेखात मांडलेलं. यावर पुस्तकं आहेत, मानकं आहेत, कोर्स आहेत. कुणी 'आवाजावर काय जाता' म्हणत नाही, कारण पंप बंद पडला तर नुकसान मालकाचं असतं. ज्या यंत्राच्या बंद पडण्याचा खर्च मालकाच्या खिशातून जातो तिथे ऐकणं हे शास्त्र ठरतं. ज्याचा खर्च तुमच्या खिशातून जातो तिथे तो तुमच्या मनाचा भ्रम.

या परावलंबनाची किंमत कुणीतरी मोजलेली आहे. पेर्ट्टी पेल्टो या मानववंशशास्त्रज्ञानं फिनलंडच्या उत्तरेला सेवेत्तियार्वी भागातल्या स्कोल्ट सामी लोकांमध्ये राहून 'द स्नोमोबाइल रेव्होल्यूशन' हे पुस्तक लिहिलं, ते १९७३ मध्ये आलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पहिल्या स्नोमोबाइल आल्या आणि दहा वर्षांच्या आत कळप राखायची रीतच पालटली. स्की आणि ओढकाम करणारे रेनडिअर घरचे होते. गाडी, पेट्रोल आणि सुटे भाग रोख पैशानं बाहेरून आणायचे. ज्यांच्याकडे पैसा होता ते टिकले. ज्यांच्याकडे नव्हता त्यांतले कित्येक कळप राखण्यातूनच बाहेर पडले. पेल्टो गाडीला शिव्या देत नाही, मीही देत नाही. गाडीनं दिवसांची वाट तासांवर आणली, मुलं दवाखान्यात वेळेत पोचली. पण यंत्र दारात आलं आणि त्याची समज दुकानातच राहिली, तर दारातल्या यंत्राचा मालक नेमका कोण, हा प्रश्न उरतोच.

१९६८ मध्ये मिनेसोटाचा विमा विकणारा राल्फ प्लेस्टेड स्नोमोबाइलवरून उत्तर ध्रुवावर पोचला. पृष्ठभागावरून ध्रुवावर पोचल्याचा तो पहिला निर्विवाद प्रवास मानला जातो. अमेरिकन हवाई दलाच्या विमानानं वरून जागा पडताळली होती. ध्रुवावर पोचलेल्या चौघांत एक वॉल्ट पेडरसन, मोहिमेचा मेकॅनिक. दुसरा जां-ल्यूक बॉम्बार्डिए, त्याच कुटुंबातला पुतण्या. ज्यांना खरंच जायचं होतं त्यांनी यंत्राची समज सोबत नेली होती, हेल्पलाइनचा नंबर नाही.

आता कायदे येतायत. क्विबेकनं २०२३ मध्ये वस्तू मुद्दाम लवकर निकामी करण्याविरुद्ध आणि दुरुस्तीच्या हक्कासाठी कायदा केला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडाच्या संसदेनं कॉपीराइट कायदा बदलून निदान, देखभाल आणि दुरुस्तीसाठी डिजिटल कुलूप तोडायला मोकळीक दिली. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार विभाग त्यात आहेत. स्वागत आहे. पण ही सगळी लढाई संगणकाच्या कुलपाची आहे, आणि आपण वर पाहिलं की ड्राइव्हट्रेनच्या अर्ध्या गाडीला कुलूपच नाही. ती पहिल्यापासून उघडी आहे. तिथे कुणी अडवलेलं नसताना आपण आत जात नाही.

'इलेक्ट्रिक आल्या की हे सगळं संपेल' असं म्हणणारे भेटतात. इंजिन जाईल, काही गाड्यांत बेल्टही जाईल. पट्टा, ड्राइव्हशाफ्ट, रेल्स, चाकं आणि त्यातली बेअरिंग कुठेही जाणार नाहीत. उलट इंजिनाच्या गोंगाटाखाली जी घरघर झाकली जायची ती आता पहिल्या दिवसापासून ऐकू येईल, आणि सर्व्हिस सेंटरमधला माणूस म्हणेल, इलेक्ट्रिक आहे ना, म्हणून ऐकू येतं, नॉर्मल आहे.

फोन टाकून द्या असं मी म्हणणार नाही. त्याला साक्षीदार म्हणून वापरा, न्यायाधीश म्हणून नको. आवाजाचा आलेख दाखवणारी फुकट ॲप आहेत. एकाच जागी फोन धरून दोन वेगांना घ्या, टोक सरकलं का बघा. स्लो-मोशनमध्ये बेल्टची फडफड दिसते. महिन्यातून एकदा, गाडी ठणठणीत असताना, तिचा आवाज तारीख टाकून ठेवा. आजारी आवाज ओळखायला निरोगी आवाज माहीत असावा लागतो, आणि तो आपण कधीच ऐकून ठेवत नाही.

घाई आहे, कारण कंपन्या थांबत नाहीत. सत्तरच्या दशकात स्नोमोबाइल करणाऱ्या कंपन्या शंभरावर होत्या. १९६८ पासून या धंद्यात असलेल्या यामाहानं २०२३ मध्ये जाहीर केलं की २०२५ च्या मॉडेलनंतर आपण स्नोमोबाइल बनवणार नाही. त्या गाड्या उत्तरेकडच्या गावांत अजून कित्येक हिवाळे चालायच्या आहेत. त्यांच्या इंजिनाच्या संगणकाचं पुढे काय होईल ते कंपनीच्या मर्जीवर. चाकांच्या बेअरिंगचं तसं नाही. त्यातली बरीचशी जगभर चालणाऱ्या मापांची असतात. ६२०५ घ्या: आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५. पंपाच्या मोटरमध्ये, वॉशिंग मशीनमध्ये, कुठेही सापडतं. चिंचवडला एसकेएफच्या कारखान्यात याच जातीची बेअरिंग बनतात, आणि कोल्हापूर असो की नाशिक, बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात नुसता नंबर सांगितला की माणूस मागे न बघता खोकं काढून देतो. गाडीच्या कंपनीच्या पाकिटावर मात्र कंपनीचा स्वतःचा लांबलचक पार्ट नंबर असतो. खरा नंबर आत, बेअरिंगच्या कड्यावर किंवा सीलवर उमटवलेला असतो. चाक उघडलंत तर वाचता येतो.